इलेक्शन ड्युटी, अपुरी माणसं आणि निकालावरचा भरवसा

अर्धविराम

निवडणूक निःपक्ष झाली की नाही यावर वाद सुरू झाला की यंत्रं, पैसा, आचारसंहिता आणि आयुक्तांच्या नेमणुका हे चार विषय ठरलेले असतात. मतदान केंद्रावर पहाटेपासून बसलेल्या माणसांचा विषय निघालाच, तर 'बिचाऱ्यांचे फार हाल होतात' एवढ्यावर आटोपतो. माझ्या मते गोची तिथेच आहे. केंद्रावर माणसं किती होती, त्यांची आदल्या रात्री झोप झाली होती का, मधे त्यांना कोणी सोडवायला आलं का, यावर निकालपत्रकावरचा आकडा किती भरवशाचा हे ठरतं.

इंडोनेशिया घ्या. १७ एप्रिल २०१९ रोजी तिथे राष्ट्राध्यक्ष, संसदेची दोन सभागृहं, प्रांतिक विधिमंडळं आणि जिल्हा विधिमंडळं अशा पाच निवडणुका एकाच दिवशी झाल्या. मतदान केंद्रं आठ लाखांवर, प्रत्येक केंद्रावर सात जणांचं पथक. मतदान संपलं की मोजणीही त्याच केंद्रावर, त्याच सात जणांनी, जमलेल्या लोकांसमोर एकेक मतपत्रिका उलगडून दाखवत करायची. तीही पाचही निवडणुकांची. वर निकालपत्रकाच्या प्रती हातानं लिहून पक्षांच्या प्रतिनिधींना द्यायच्या. कित्येक केंद्रांवर दुसरा दिवस उजाडला. तिथल्या निवडणूक आयोगाच्याच आकड्यानुसार ८९४ कर्मचारी मरण पावले आणि पाच हजारांहून जास्त आजारी पडले. बहुतेकांना हृदयाचे किंवा रक्तदाबाचे जुने विकार होते आणि त्यावर हा ताण पडला, असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं.

लगोलग कर्मचाऱ्यांवर विषप्रयोग झाल्याची अफवा पसरली. आरोग्य खात्याला खुलासे करावे लागले. म्हणजे कामाच्या आखणीतल्या चुकीचं रूपांतर काही आठवड्यांत कटाच्या कथेत झालं. इथे ड्युटी केलेली मंडळी असतील तर त्यांनी लिहावं.

पायवाट

धागा आवडला. विषप्रयोगाची अफवा माहीत नव्हती. वाचतोय.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

बऱ्याच निवडणुका केल्या आहेत, लोकसभेपासून खालपर्यंत. बाहेरच्या माणसाला वाटतं की मतदान ११ तासांचं म्हणजे काम ११ तासांचं. भारतातला क्रम सांगतो.

आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटपाला हजर. यंत्रं, शाई, सिलं, मतदार यादीच्या प्रती आणि लिफाफ्यांचा ढीग मोजून ताब्यात घ्यायचा. मग वाहनाची वाट बघायची. संध्याकाळपर्यंत केंद्रावर पोचून टेबलं लावायची, सूचनांचे कागद चिकटवायचे आणि रात्री तिथेच आडवं व्हायचं. यंत्रं ताब्यात असताना गाढ झोप लागत नाही. पहाटे चारला उठायचं, कारण मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं. मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकायची, मोजून दाखवायची, कंट्रोल युनिटमधला (मतं साठवणाऱ्या यंत्रातला) डेटा क्लिअर करायचा, व्हीव्हीपॅटमधल्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या आणि मग सातला खरं मतदान सुरू करायचं.

इथपर्यंत माणूस ताजा असतो, तरीही घाई असते. 'क्लिअर' करायचं राहून गेलेली केंद्रं दर मोठ्या निवडणुकीत निघतात. पन्नास मतं कोणी चोरलेली नसतात, पण मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा आणि १७ सी चा, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मचा आकडा जुळत नाही. मग ते केंद्र बाजूला ठेवतात, आणि मताधिक्य अशा केंद्रांवरच्या मतांपेक्षा कमी निघालं तर चिठ्ठ्या मोजतात. नियमात त्याची सोय आहे, पण तोवर बाहेर व्हिडिओ फिरलेला असतो.

खरी परीक्षा संध्याकाळी. शेवटचा मतदार गेला की 'क्लोज' दाबायचं, १७ ए नोंदवहीतला (मत द्यायला आलेल्यांच्या नोंदी असतात ती) शेवटचा क्रमांक यंत्रावरच्या 'टोटल'शी ताडून बघायचा, १७ सी भरून प्रतिनिधींना प्रती द्यायच्या, डायरी पूर्ण करायची, लिफाफ्यांवर सह्या आणि लाख. मग जमा करण्याच्या केंद्रावर रांग. तिथे एखादा लिफाफा कमी किंवा एक सही राहिलेली निघाली की परत मागे. मध्यरात्र उलटून गेली तरी पावती हातात नाही, हे मी एकदाच पाहिलेलं नाही.

दिवसभरातले सगळ्यात महत्त्वाचे आकडे माणूस सगळ्यात जास्त दमलेला असताना लिहितो.

रोखठोक

सहानुभूती आहे, पण मुद्दा पटला नाही. लबाडी करणारा आठ तास झोपूनही लबाडी करतो. उलट माणसं वाढवा, मानधन वाढवा, म्हणजे फटी वाढवा. जितके जास्त हात तितकी जास्त गडबड. त्यापेक्षा यंत्रं सुधारा. आणि सैनिक, परिचारिका, रेल्वेचे चालक वर्षभर राबतात. हे पाच वर्षांतून दोन-तीनदा. थोडं सोसावं.

अर्धविराम

@रोखठोक, लबाडी करणारा झोपूनही करतो, हे मान्य. पण ती पकडायची कशी? आकडे जुळत नाहीत, खाडाखोड दिसते, सील नीट नाही, सही नाही, अशाच खुणांवरून ना? दमलेल्या माणसाच्या हातूनही नेमक्या याच खुणा उरतात. प्रामाणिक चुकांचा असा ढीग पडला की त्यात खरी लबाडी आरामात लपते, आणि हरलेल्याला प्रत्येक चूक लबाडी म्हणून दाखवता येते. दोन्हीकडून नुकसान.

रेल्वेच्या चालकाचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. त्याच्या सलग ड्युटीवर मर्यादा असते. का असते?

खडूफळा

गणिताचा मास्तर असल्याने राहवत नाही.

समजा एका टेबलावर सरासरी दर ५० सेकंदांना एक मतदार येतो आणि यादीत नाव शोधून, ओळखपत्र पाहून, खूण करून त्याला पुढे पाठवायला ४५ सेकंद लागतात. टेबल ९० टक्के वेळ व्यग्र. रांगेच्या साध्या सूत्रानं सरासरी थांबणं येतं पावणेसात मिनिटं. आता दुपारी तोच माणूस दमला आणि ४५ ऐवजी साडेसत्तेचाळीस सेकंद घेऊ लागला. अडीच सेकंदांचाच फरक. टेबल ९५ टक्के व्यग्र, आणि सरासरी थांबणं पंधरा मिनिटं! टेबल शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं की रांग अशी अंगावर येते. हे सूत्र ढोबळ आहे. प्रत्यक्षात लोक सकाळी आणि शेवटच्या तासात झुंडीनं येतात, त्यामुळे अवस्था याहून वाईट.

म्हणून 'केंद्रावर चार माणसं पुरतात, गेल्या वेळीही पुरली होती' हे उत्तर फसवं असतं. गेल्या वेळी टेबल कदाचित ८० टक्केच व्यग्र होतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं २०१४ मध्ये म्हटलं होतं की कुठल्याही मतदाराला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबावं लागू नये. भारतातही २०२५ मध्ये एका केंद्रावरची मतदारांची कमाल मर्यादा १५०० वरून १२०० वर आणली. ११ तासांत १५०० पैकी ६५ टक्के आले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात, १२०० पैकी तितकेच आले तर ५० सेकंद. वरच्या हिशेबात बसवून बघा, दहा सेकंद काय करतात ते.

लांब रांग सगळ्यांना सारखी छळत नाही, हेही आलंच. रोजंदारीवाला, तान्हं बाळ असलेली बाई, गुडघे धरलेले आजोबा आधी घरी परततात.

उंबरठा

बर्लिन! इथे अजून कसं कोणी काढलं नाही?

२६ सप्टेंबर २०२१. एकाच दिवशी जर्मन संसदेची निवडणूक, बर्लिन राज्याची निवडणूक, शहरातल्या प्रभागांची निवडणूक, शिवाय एक सार्वमत. आणि त्याच दिवशी शहरात मॅरेथॉन. एकेका मतदाराच्या हातात कागदांचा गठ्ठा, त्यामुळे मत द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ. मतदानाचे आडोसे कमी पडले. काही केंद्रांवर भलत्याच प्रभागाच्या मतपत्रिका पोचल्या, काही ठिकाणी संपल्या आणि मतदान थांबवावं लागलं. संध्याकाळी सहाला मतदान संपायला हवं होतं. लोक त्यानंतरही मतं देत राहिले, आणि तोवर टीव्हीवर अंदाज सुरू झाले होते.

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी बर्लिनच्या घटनात्मक न्यायालयानं राज्याची आख्खी निवडणूक रद्द केली. कोणी कट केला असं नव्हे, तयारीच इतकी कमी होती की निकालावर विसंबता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. १२ फेब्रुवारी २०२३ ला फेरनिवडणूक झाली आणि सरकार बदललं. संसदेच्या निवडणुकीचंही काही केंद्रांवर ११ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

फेरनिवडणुकीच्या वेळी स्वयंसेवक मिळावेत म्हणून मानधन २४० युरोपर्यंत वाढवलं. तेव्हा पैसा कुठून आला, हा प्रश्न @रोखठोक यांनी स्वतःला विचारावा. आधी वाचवलेला पैसा नंतर कितीतरी पटींनी गेला.

रोखठोक

बर्लिन म्हणजे नियोजनाचा गोंधळ, कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचा त्याच्याशी काय संबंध? विषय ताणू नका.

उंबरठा

संबंध असा की गठ्ठा चुकीचा आलाय हे सकाळी लक्षात आलं, तरी धावपळ करायला मोकळा माणूस लागतो. सगळे टेबलाला जखडलेले असतील तर चूक दुपारपर्यंत तशीच चालू राहते. नियोजनाच्या चुका होणारच. त्या सावरायला जी जादा माणसं लागतात, तीच अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापली जातात.

बखर

आफ्रिकेतलं एक उदाहरण. मलावीत मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालपत्रकांवर पांढऱ्या करेक्शन फ्लुइडनं आकडे खोडून नवे लिहिलेले सापडले, इतक्या ठिकाणी की ती 'टिपेक्स निवडणूक' म्हणूनच ओळखली गेली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयानं ती रद्द केली, जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि विरोधी उमेदवार जिंकला.

आता यातली कुठली खाडाखोड बेरीज चुकली म्हणून केलेली आणि कुठली मुद्दाम, हे पत्रकाकडे बघून कोण सांगणार? अर्धविराम म्हणतात तेच. बेरीज चुकली तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहून सगळ्यांनी सही करायची, ही पद्धत शिकवायला एक नीट प्रशिक्षण पुरतं. पण प्रशिक्षण म्हणजे मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवलेली पुस्तिका असेल, तर रात्री अकराला ती कोणाला आठवणार आहे?

निवृत्त_केंद्राध्यक्ष

@बखर, नेमकं. हातात यंत्र घेऊन केलेल्या सरावात जे शिकलो तेच निभावलं. मागच्या रांगेत बसून ऐकलेलं सगळं विसरलो.

@रोखठोक, 'जास्त हात म्हणजे जास्त फटी' याबद्दल. आपल्याकडे मतदान पथकांची सरमिसळ होते, माहीत असेल. कोण कोणाबरोबर आणि कुठल्या केंद्रावर जाणार हे संगणक टप्प्याटप्प्यानं ठरवतो, म्हणजे कोणाला आधीपासून संधान बांधता येऊ नये. ही सरमिसळ हाताशी गरजेपेक्षा जास्त माणसं असतील तरच खरी होते. शंभर जागांना ९५ माणसं असली की सरमिसळ कसली? जो मिळेल तो, ऐनवेळी, फोनाफोनी करून. राखीव माणसं हेच लबाडीविरुद्धचं कुलूप आहे. शिवाय एकट्या माणसाला दमदाटी करणं सोपं. चौघं जागेवर असतील, आणि त्यातला एक जरा चहा प्यायला उठू शकत असेल, तर दबाव आणणाराही विचार करतो.

निळाई

ड्युटी करणाऱ्या बाईच्या बाजूनं लिहिते. केंद्रावर स्वच्छतागृह धड नसेल तर बाई दिवसभर पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको. मासिक पाळी असेल, अंगावर पिणारं मूल घरी असेल, तर विचारूच नका. सवलतीसाठी अर्ज करायचा, तर खरं-खोटं ठरवणारा बहुधा पुरुष, आणि रांगेत सगळ्यांसमोर सांगायचं.

१ जून २०२४, लोकसभेचा शेवटचा टप्पा. उत्तर प्रदेशात उष्म्यानं ३३ निवडणूक कर्मचारी दगावले, हे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितलं. त्यात सफाई कामगार होते, सुरक्षेवरची माणसं होती. 'कर्मचारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलामागचा शिक्षक येतो. दाराशी उन्हात उभा असलेला माणूस येत नाही. मेल्यावर भरपाई जाहीर होते. सावलीचा खर्च त्यापेक्षा कमी असतो.

खडूफळा

निळाई, +१. एक भर: सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि लक्ष हे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखं होतं, हे नव्वदच्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला तिथे पोचतो. त्या वेळी तो लिफाफे जमा करण्याच्या रांगेत असतो.

रोखठोक

बरं, तो नऊ वाजताचा हिशेब पटला. पण मग उपाय काय? एका दिवसासाठी लाखो माणसं आणायची कुठून? भारतात २०२४ ला साडेदहा लाख केंद्रं आणि दीड कोटी कर्मचारी-सुरक्षारक्षक होते. आणखी राखीव म्हणजे किती?

उंबरठा

सगळीकडे एकच वाट नाही. मेक्सिकोत मतदार यादीतून चिठ्ठी काढतात: जन्ममहिना सोडतीनं ठरवून त्या गटातले १३ टक्के नागरिक निवडतात, त्यातून प्रशिक्षण देऊन पथकं बनवतात. शेजारीपाजारीच मोजतात, त्यामुळे सरकारी नोकरांवर सगळा भार पडत नाही. स्पेनमध्येही सोडत, आणि नाव निघालं तर जाणं बंधनकारक. पण तिथे दुसऱ्या दिवशीचे कामाचे पाच तास पगारी सुटी असते.

फिलिपिन्सनं उलटं केलं. तिथे ड्युटी शिक्षकांच्याच माथी होती. २०१६ च्या कायद्यानं ती ऐच्छिक केली, मानधन, रजा आणि मृत्यू-अपघाताची भरपाई लिहून दिली. जर्मनीत पथक दिवसा दोन पाळ्यांत विभागतं आणि मोजणीला सगळे परत येतात. ब्रिटनमध्ये पेट्या मोजणी केंद्रावर जातात आणि तिथे वेगळे लोक मोजतात. भारतातही मोजणी वेगळ्या दिवशी, वेगळी माणसं करतात, हे आपल्याकडचं चांगलं आहे, कोणी श्रेय देत नाही.

पायवाट

आणि वय? अमेरिकेत कोविडच्या वेळी वाचलेलं आठवतं.

बखर

हो. ७ एप्रिल २०२० ला विस्कॉन्सिनमध्ये निवडणूक होती. केंद्रांवर काम करणाऱ्यांत वयस्कर लोक बरेच, ते साहजिकच आले नाहीत. मिलवॉकी शहरात एरवी १८० च्या आसपास असणारी केंद्रं पाचवर आली. नॅशनल गार्डचे (राखीव सैन्यदलाचे) लोक साध्या कपड्यांत टेबलांवर बसवले, तरी रांगा रस्त्यावर.

त्याच वर्षी पुढे अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात मोजणीवरच्या एका मायलेकींवर बनावट मतांचा खोटा आरोप झाला. घर सोडावं लागलं. २०२३ मध्ये ज्युरीनं १४.८ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, पण त्यांचं जुनं आयुष्य काही परत आलं नाही. कल्याण म्हणजे पंखा आणि पाणी एवढंच धरू नका. खोटा आरोप झाला तर यंत्रणा आपल्या पाठीशी उभी राहील की आपलंच नाव पुढे करेल, हेही त्यात येतं. तशी खात्री नसेल तर पुढच्या वेळी अनुभवी माणूस घरी बसतो आणि त्याच्या जागी नवखा येतो.

निळाई

एक राहिलं. मतदानाच्या दिवसापलीकडे बघा. मतदार यादी करणारे बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी. २०२५ च्या नोव्हेंबरात १२ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली, शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून घरोघर फॉर्म. मृत्यूंच्या बातम्या आल्या. अखेर ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना जादा कर्मचारी देऊन ताण कमी करायला सांगितलं. यादीत घाईनं चुकीची खूण झाली तर त्या माणसाचं नाव मतदानाच्या दिवशी सापडत नाही. मग केंद्रावर कितीही ताजेतवाने लोक बसवा.

रोखठोक

माझी हरकत एवढीच उरते की ऐच्छिक केलं तर कोणी येणार नाही. फिलिपिन्समध्ये आले का?

उंबरठा

शिक्षक येतातच, बहुसंख्य पथकं अजूनही त्यांचीच असतात. कायद्यानं नकाराचा हक्क मिळाला, आणि शिक्षक कमी पडले तर दुसऱ्यांना घेण्याचा क्रमही लिहून ठेवला. इंडोनेशियानंही २०२४ च्या वेळी पथकातल्यांचं वय १७ ते ५५ असं बांधलं, आरोग्य तपासणी सक्तीची केली, मानधन दुपटीच्या घरात नेलं. मृत्यू थांबले नाहीत, पण आकडा खूप खाली आला. मूळ दुखणं एका दिवसात पाच निवडणुकांचं होतं. जून २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २०२९ पासून राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका वेगळ्या घ्यायला सांगितलं. आपल्याकडे 'एकत्र निवडणुका' या विषयावर बोलताना खर्चाचं कोष्टक मांडतात, त्यात हा रकाना मला अजून दिसलेला नाही.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

त्या वादात शिरलो तर धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल, म्हणून बाजूला ठेवतो.

माझ्याकडून व्यवहारातल्या दोन गोष्टी. जमा केंद्रावरचे काउंटर दुप्पट करा आणि तिथे सकाळपासून न राबलेली, संध्याकाळी कामावर आलेली माणसं बसवा. पथकाचा थकवा आणि तपासणाऱ्याचा थकवा एका वेळी भेटला की चुकीचा लिफाफा तसाच आत जातो. दुसरं, ड्युटीवर असलेल्यांचं स्वतःचं मत. टपाली मतदानाची सोय प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्रात असते, पण ऐनवेळी बोलावलेल्या राखीव माणसाचा फॉर्म बहुधा राहतो. मी केंद्राध्यक्ष असताना माझ्याच पथकातल्या एकाचं मत असं हुकलं होतं.

पायवाट

@उंबरठा, स्पेनमधली ती पाच तासांची सवलत खासगी नोकरीलाही लागू आहे का?

उंबरठा

हो, सरकारी-खासगी दोन्ही. पगार मालकानंच द्यायचा.